बालपण कोणाचें?

एप्रिल महिना लागला, परीक्षा आटोपत आल्या, कीं आमच्या उपनगरांतील घराघरांतून एक प्रश्न ऐकूं येऊं लागतो. अंधेरीच्या गच्चीवर, घाटकोपरच्या जिन्यांत, मुलुंडच्या भाजीबाजारांत आणि बोरिवलीच्या लोकलगाडींत आईबाप एकमेकांस विचारतात, "यंदा सुट्टींत मुलांचें काय करावयाचें?" प्रश्न काळजीपोटीं विचारलेला असतो, आणि त्यांत लबाडी मुळींच नसते. तथापि भाषा कधीं कधीं बोलणाराच्या मनांतील गोष्ट त्याच्या नकळत सांगून जाते. उरलेल्या भाताचें काय करावयाचें, माळ्यावरील जुन्या कपाटाचें काय करावयाचें, आणि मुलांचें काय करावयाचें, हे तिन्ही प्रश्न आम्ही एकाच षष्ठी विभक्तींत विचारतों. ज्याचें 'कांहीं तरी करावयाचें' असतें ती बहुधा वस्तु असते, आणि ती आपल्या मालकीची असते. मुलाची सुट्टी, त्याचा पावसाळा, त्याची दिवाळी, थोडक्यांत त्याचें बालपण, आमच्या मालकीचें आहे काय? नसल्यास तें कोणाचें? सुट्टीच्या व सहलींच्या निमित्तानें या प्रश्नाचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न फार जुना नाहीं. अंधेरी व घाटकोपर १९५० सालीं आणि बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं मुंबईच्या हद्दींत आलीं. त्यापूर्वीं, व त्यानंतरही कित्येक वर्षें, या बाजूस मळे, खाजणें, मिठागरें आणि ताडाचीं झाडें होतीं. मुलांचें वर्ष ऋतूंनीं आंखलेलें असे. संक्रांतीला पतंग, होळीला लांकडें व गोवऱ्या गोळा करण्याची धांवपळ, वैशाखांत कैऱ्या, करवंदें आणि जांभळें, मृगाच्या सरींबरोबर मातींतून निघणारे तांबड्या मखमलीचे किडे, श्रावणांत दहीहंडी, भाद्रपदांत गणपति, आश्विनांत भोंडला, आणि दिवाळीला अंगणांतील मातीचा किल्ला व त्यावर पेरलेले हळीव. या गोष्टींची योजना कोणी करीत नसे. मे महिन्यांत बापानें मुलांना कोंकणांतल्या वा देशावरच्या गांवीं पोंचतें केलें, म्हणजे त्याचें कर्तव्य संपलें. पुढें आंब्याचें झाड, विहीर आणि आजी पाहून घेत.

गेलेल्या काळाचे पोवाडे गाण्याचा मात्र आमचा विचार नाहीं. त्या सुट्टींत मुलगे विहिरींत पोहत आणि मुली त्याच विहिरीचें पाणी भरीत. जीं मुलें त्या विहिरींतून परत आलीं नाहींत, त्यांचीं नांवें आमच्या गोड आठवणींत सहसा येत नाहींत. काळ बदलला तो कांहीं कारणांनीं बदलला. गांवचें घर पडलें वा वांटणींत गेलें. आई नोकरी करूं लागली, ही तर इष्टच गोष्ट झाली. इमारतीच्या अंगणांत मुलांच्या जागीं मोटारी उभ्या राहिल्या. आणि आईबापांच्या दिवसांतले दोन-अडीच तास गाडीच्या गर्दींत जाऊं लागले. जें आपोआप होत असे तें आतां घडवून आणावें लागतें. पूर्वीं ऋतु मुलाच्या दाराशीं येत. आज मुलाला ऋतूकडे न्यावें लागतें. यामुळें उपनगरांतील आईबाप हे मुलाच्या वर्षाचे व्यवस्थापक झाले आहेत, आणि व्यवस्थापकाला आपण मालक आहों असें वाटूं लागण्यास फार वेळ लागत नाहीं.

सुट्टीच्या उपयोगाविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. पहिलें मत असें कीं बालपण ही पुढील आयुष्याची तयारी होय. या मतानें सुट्टी म्हणजे रिकामा पडलेला भूखंड. त्यावर कांहीं तरी बांधलेंच पाहिजे. म्हणून पोहण्याचा वर्ग, बुद्धिबळाचा वर्ग, संस्कारवर्ग, चित्रकलेचा वर्ग, डोंगर चढण्याचें शिबिर, आणि प्रत्येकाच्या शेवटीं एक प्रमाणपत्र. या मताला हंसणें सोपें आहे, परंतु न्याय्य नाहीं. आमच्या मध्यमवर्गाजवळ ना शेत होतें, ना पेढी. जें मिळालें तें शिकून मिळालें. जो शिडी चढून वरच्या खोलींत पोंचला, त्यानें मुलाला शिडीचें महत्त्व सांगावें हें स्वाभाविक आहे. शिवाय पोहावयास शिकणें वाईट कसें असेल?

दोष शिकण्यांत नाहीं; आजच्या दिवसाची किंमत उद्यांच्या दिवसानें ठरावी या समजांत तो आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें अठराव्या शतकांत नीतीचें एक सूत्र मांडलें कीं कोणाही मनुष्याला केवळ साधन म्हणून वागवूं नये; तो स्वतःच साध्य आहे हें ध्यानांत ठेवावें. आम्ही हें सूत्र नोकराला लावण्याचा प्रयत्न करतों, शेजाऱ्याला लावतों, परंतु आठ वर्षांच्या मुलाला लावावयाचें राहून जातें. तो आठ वर्षांचा मुलगा तीस वर्षांच्या एका गृहस्थाचें साधन म्हणून वागविला जातो, आणि तो गृहस्थ तर अजून अस्तित्वांतही आलेला नाहीं! पुढें त्या तीस वर्षांच्या गृहस्थालाही साठ वर्षांच्या एका पेन्शनरासाठीं राबावयाचें असतें. अशा रीतीनें जगण्याची पाळी कोणाचीच येत नाहीं.

दुसरें मत याच्या उलट आहे. रूसोनें १७६२ सालीं 'एमील' हा ग्रंथ प्रसिद्ध करून असें प्रतिपादिलें कीं मुलाला घाईनें मोठें करूं नये, बाल्य बाल्य म्हणूनच पिकूं द्यावें. हें मत ऐकावयास गोड आहे, आणि थकलेल्या आईबापांना सोयीचेंही आहे. परंतु रूसोचा एमील खेड्यांतील मोकळ्या हवेंत वाढतो. त्याला सोडून देणें म्हणजे झाडें, ओढे व ऊनपाऊस यांच्या स्वाधीन करणें होय. चौदाव्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या घरांत मुलाला असेंच सोडून दिलें, तर त्याला मोबाईलच्या स्वाधीन केलें असें होतें, आणि त्या पेटींत मुलाच्या लक्षाचा व्यापार करणारे मोठे कसबी लोक बसलेले आहेत. रिकामी जागा फार वेळ रिकामी राहत नाहीं. शिवाय ज्या तत्त्वज्ञानें हा ग्रंथ लिहिला, त्यानें स्वतःचीं पांचही मुलें जन्मतःच अनाथालयांत पाठविलीं होतीं, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. मुलाला मोकळें सोडणें आणि मुलाला सोडून देणें यांतील अंतर पुस्तकांत सांपडत नाहीं; तें ज्या त्या आईबापांना घरींच शोधावें लागतें.

या दोहोंखेरीज अलीकडे एक तिसरें मत रूढ होत आहे, व तें दिसावयास फार कोमल आहे. 'आम्हांला मुलांना आठवणी द्यावयाच्या आहेत,' असें आईबाप म्हणतात. हेतु चांगला आहे. परंतु आठवण ही पुडींत बांधून देतां येणारी वस्तु नाहीं. पावसांतून लेणीं पाहावयास नेलेल्या मुलाला पुढें लेणीं आठवतील कीं वाटेंत माकडानें पळविलेली काकडी आठवेल, हें ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? धबधब्यापुढें मुलाला उभें करून 'हंस पाहूं' म्हणावयाचें, छायाचित्र बरें आलें नाहीं म्हणून पुन्हा हंसवावयाचें, आणि तोंवर पाण्यांत जाण्याची त्याची इच्छा विरून जावयाची, हा देखावा आतां नित्याचा झाला आहे. नीट पाहिलें असतां हें पहिल्याच मताचें दुसरें रूप आहे. तेथें आजचा दिवस उद्यांच्या नोकरीसाठीं खर्चीं पडत होता, येथें तो उद्यांच्या चित्रसंग्रहासाठीं पडतो.

या साऱ्या मतांची कसोटी पाहण्यास एक झुडूप आमच्या दाराशींच उभें आहे. बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें असून त्याच्या टेकड्यांवर कारवी विपुल आहे. कारवी दर पावसाळ्यांत हिरवी होते, उन्हाळ्यांत वाळक्या काठीसारखी उभी राहते, सात वर्षें हा क्रम चालविते, आणि आठव्या वर्षीं सारा उतार एकदम जांभळा करून सोडते. फुलून बीं धरलें कीं ती मरते. येथील कारवी २०१६ सालीं फुलली, २०२४ सालीं फुलली, व क्रम चुकला नाहीं तर पुन्हा २०३२ सालीं फुलेल. जें मूल २०२४ सालीं सहा वर्षांचें होतें तें त्या वेळीं चौदा वर्षांचें असेल, आणि त्यापुढील फुलोऱ्याला बावीस वर्षांचें. चौदाव्या वर्षीं मुलें आईबापांबरोबर येण्यास कुरकुर करतात. बाविसाव्या वर्षीं तीं कोणत्या शहरांत असतील हें सांगवत नाहीं. एका बालपणाच्या वांट्यास कारवीचे फार तर दोन फुलोरे येतात. हा हिशेब मनांत आला कीं आईबापांच्या पोटांत कालवतें, आणि त्या कालवण्यांतूनच यादी, योजना व घाई यांचा जन्म होतो. मूल हातांतून निसटत आहे या भयालाच आम्ही पुष्कळदां मुलावरील प्रेम समजून बसतों.

परंतु कारवी आणखीही कांहीं सांगते. जो केवळ आठव्या वर्षीं टेकडीवर जातो, त्याला फूल दिसतें, कारवी दिसत नाहीं. फुलोरा कांहीं आठवड्यांचा असतो. काठीचा उपयोग मात्र त्याहून पुष्कळ अधिक टिकतो; सह्याद्रीच्या रानांत राहणाऱ्या वारली व इतर लोकांनीं पिढ्यान् पिढ्या कारवीच्या काठ्या एकमेकींशीं बांधून, त्यांवर शेणमातीचा गिलावा देऊन आपल्या घरांचे कूड उभारले. फुलानें डोंगर सजतो, काठीनें घर उभें राहतें. कुटुंबांतही असेंच आहे. हिमालयाची वा परदेशची एकदां घडलेली सहल हा फुलोरा होय, व त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु मुलाच्या मनाचा कूड ज्या काठ्यांनीं उभारला जातो त्या काठ्या फार साध्या असतात. दर पावसाळ्यांत तीच टेकडी, तोच रविवार, तोच भिजून गार झालेला बटाटेवडा, 'चिखलांत पाय घालूं नको' ही आईची तीच आज्ञा व मुलाची तीच अवज्ञा. पुनरावृत्तीचा कंटाळा मोठ्यांना येतो. मूल शंभर वेळां ऐकलेलीच गोष्ट पुन्हा सांगावयास लावतें, व एक शब्द बदलला तर रागावतें. ज्याला जग नवें आहे, त्याला त्यांतील कांहीं तरी ओळखीचें असणें याचेंच अप्रूप अधिक असतें.

याच उद्यानांत कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेंमागें तीं खोदण्यास सुरुवात झाली, व सुमारें हजार वर्षें तेथें बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. भिक्षूंचा नियम असा कीं इतर काळीं हिंडावें, परंतु पावसाळ्यांत एका जागीं राहावें. यास वर्षावास म्हणत. कान्हेरीस लेण्यांपाशीं बसावयास दगडी ओटे आहेत, आणि डोंगरावरचें पावसाचें पाणी खडकांत खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांत सांठविण्याची व्यवस्था आहे. पाऊस पाहावयाचा असो वा सांठवावयाचा असो, दोहोंसाठीं थांबावें लागतें, हें तीं लेणीं खोदणारांना चांगलें ठाऊक होतें. आज त्याच ओट्यांपुढून जुलैच्या रविवारीं आईबाप मुलाचा हात ओढीत जातात, कारण वरचीं लेणीं पाहावयाचीं राहिलेलीं असतात. मूल मात्र टाक्याच्या कांठीं एका बेडकापुढें बसलेलें असतें. सहल कोणाची, हा प्रश्न या ठिकाणीं आपोआप सुटतो. आईबाप बेडूक पाहावयास थांबले तर सहल मुलाची झाली. मुलाला उचलून पुढें चालले तर ती त्यांची झाली, व मूल त्यांच्या सामानांत जमा झालें.

थांबण्याचें हें तत्त्व महाराष्ट्रांतील शिक्षणाच्या क्षेत्रांत पूर्वींच ओळखलें गेलें आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, व पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठीं काम केलें. मुलांना गुरें चारावयास जावें लागत असल्यामुळें तीं शाळेंत येऊं शकत नाहींत, असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. तिचें नांव कुरणशाळा. मूल योजनेंत बसत नसेल तर योजना मुलाच्या मापाची करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. बोरिवलीहून त्याच रेल्वेमार्गानें डहाणूकडे गेलें असतां तो प्रदेश लागतो. आम्हां उपनगरवासीयांना तो फार दूर नाहीं.

मुलाला साध्य मानावें हें एकदां पटलें, तरी प्रश्न तेथेंच संपत नाहीं, कारण कुटुंबांत व जगांत मूल हें एकटेंच साध्य नसतें. रविवारच्या सहलीसाठीं पहाटे चार वाजतां उठून पोळ्या लाटणारी आई ही देखील मनुष्य आहे. सहलीहून परतल्यावर सर्व मंडळी दमून निजतात आणि एक व्यक्ति चिखलाचे कपडे भिजत घालीत बसते, असें पुष्कळ घरीं दिसतें. मूल हें पाहत असतें. सुट्टी ही कोणाच्या तरी कष्टांवर उभी असते आणि ते कष्ट करणारीनें तक्रार करावयाची नसते, हा धडा तें कोणत्याही संस्कारवर्गाहून लौकर शिकतें. आठ वर्षांच्या मुलाला पोळी लाटतां न आली तरी चालेल. परंतु आपला डबा घासणें व आपले बूट धुणें हा सहलीचाच भाग आहे, असें त्याला वाटलें पाहिजे. आणि बापानें तें हातानें करून दाखविल्याखेरीज त्याला तसें वाटावयाचें नाहीं.

तसेंच ज्या रानांत आम्ही सहलीस जातों तें कोणाचें तरी घर आहे. राष्ट्रीय उद्यानांत व आरे वसाहतींत आदिवासींचे पाडे आहेत. मे महिन्यांत टोपलींत करवंदें घेऊन रस्त्याच्या कडेस बसलेल्या बाईचें मूल सुट्टी लागली म्हणून रानांत आलेलें नसतें. त्या बाईशीं दोन रुपयांसाठीं हुज्जत घालणारा बाप आमच्या मुलानें पाहावा, कीं 'मावशी, हें झाड कोणतें?' असें विचारणारा बाप पाहावा, हें सर्वस्वीं आमच्या हातीं असतें. नीतीचे पाठ शाळेंत होतात. नीति मात्र टोपलीपुढें दिसते.

आणखी एक गोष्ट सत्याची. ऋतूंत सर्वच गोड नसतें. पावसाळा सरल्यावर ठाण्याच्या खाडींत रोहित पक्षी येतात, व भांडुप-ऐरोलीकडून मुलांना ते दाखवावयास नेण्याची आतां रीत पडली आहे. २०१५ सालीं खाडीचा एक भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं त्यास रामसर यादींत स्थान मिळालें. पुढें २० मे २०२४ च्या रात्रीं घाटकोपरवर विमानाची धडक बसून त्यांच्यापैकीं सुमारें चाळीस पक्षी वस्तींत मरून पडले. त्यापूर्वीं ऑक्टोबर २०१९ मध्यें मेट्रोच्या कारशेडसाठीं आरे येथील दोन हजारांहून अधिक झाडें तोडलीं गेलीं. आणि ती मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्यें आरेपासून धांवूं लागली, तेव्हां पुष्कळ आईबापांचा प्रवास हलका झाला. घरीं लौकर पोंचलेल्या बापाला मुलानें विचारलें, 'मग झाडें तोडलीं तें बरें झालें कीं वाईट?' तर त्यानें काय सांगावें? 'मोठा झालास म्हणजे कळेल' हें उत्तर खोटें आहे, कारण मोठ्यांनाही तें कळलेलें नाहीं. वेळ वांचला तो तुझ्यासाठीं, आणि झाडें गेलीं तींही तुझींच, हें दोन्ही खरें आहे, व या दोहोंचा मेळ कसा घालावा हें आपण मिळून शोधावयाचें आहे, असें सांगणारा बाप मुलाला कांहीं काळ अस्वस्थ करील. परंतु त्या मुलाला आपण माणसांत मोजलें गेलों हें कळेल. केवळ गोड तेवढें दाखविणारे आईबाप मुलाला अर्धाच ऋतु दाखवितात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बालपण आईबापांच्या मालकीचें नाहीं, हें वरील विवेचनावरून ध्यानांत येईल. तें सर्वस्वीं मुलाच्या हातीं द्यावें, असेंही म्हणवत नाहीं. कारण ज्याचें तें आहे त्याला तें सांभाळण्याचें बळ नसतें, त्याची किंमतही ठाऊक नसते, आणि किंमत कळते तेव्हां तें संपलेलें असतें. अशा ठेवीसाठीं व्यवहारांत विश्वस्त नेमतात. विश्वस्तानें ठेव स्वतःच्या हौसेसाठीं खर्चावयाची नसते, ती पडून कुजूंही द्यावयाची नसते, आणि मुदत संपतांच उपकाराची भाषा न करतां परत करावयाची असते. यांतील तिसरी अट सर्वांत कठीण. 'तुमच्यासाठीं आम्हीं काय काय केलें!' हें वाक्य ज्या घरांत उच्चारलें जातें, तेथील मागल्या सर्व सहली त्या क्षणीं कर्जाच्या नोंदी होऊन बसतात. आणि हें कर्ज तर असें कीं तें घेणाराला कोणी विचारलेंही नव्हतें.

विश्वस्ताला वेतन नसतें असें म्हणतात. येथें मात्र तें आहे, आणि तें जागच्या जागीं मिळतें. चाळिशींतल्या माणसाला मृगाचा किडा आपण होऊन दिसत नाहीं. तो दिसावयास ज्याचे डोळे जमिनीपासून तीन फुटांवर आहेत असें कोणी तरी बरोबर असावें लागतें. एवढें वेतन ज्याला पुरेसें वाटतें, त्याला पुढें हिशेब मागण्याची इच्छा होत नाहीं.

यासाठीं फार मोठी तयारीही लागत नाहीं. वर्षांतून चार-सहा रविवार, जवळचीच एखादी टेकडी वा खाडीचा कांठ, सर्वांनीं वांटून घेतलेलें काम, मूल थांबेल तेथें थांबण्याची तयारी, आणि परत आल्यावर उपकार न मोजण्याचा निश्चय, एवढें पुष्कळ झालें. येत्या एप्रिलांत 'मुलांचें काय करावयाचें' याऐवजीं 'मुलांबरोबर काय करावयाचें' असें आम्ही विचारूं लागलों, तरी अर्धें काम होईल. २०३२ सालीं कारवी फुलेल तेव्हां चौदा वर्षांचें झालेलें मूल बरोबर येईल कीं नाहीं, हें त्याच्यावरच सोपवावें. तें मित्रांबरोबर गेलें तरी त्यांत वाईट वाटण्यासारखें कांहीं नाहीं. टेकडीची वाट त्याला ठाऊक असेल.